अंगठ्याखालचं कडवं

मरोळ गावठाण, अंधेरी (पूर्व)
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय संघू,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळं ठीक आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आपण दोघींनी निम्म्या मुंबईची बोलणी जोडून दिली आणि रिटायर होताना ठरवलं, आता फोनवर गप्पा नाहीत, कागदावर. तुझं गणपतीतलं पत्र तसंच पडलंय. उत्तर राहिलं, कारण एलेनचं लग्न ठरलं.

मुलगा वर्सोव्याचा, ट्रेव्हर. विमानतळावर कामाला आहे, कमी बोलतो आणि जास्त जेवतो, म्हणजे मला आवडला. लग्न १९ जानेवारीला. मला वाटलं होतं हॉल, डीजे, केक, झालं. तर ही बया म्हणते, "ममा, मला उंबराचं पाणी हवं. नानीच्या वेळी व्हायचं तसं."

तुला आठवतं ना? लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, कळशा भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. पूर्वी विहिरीवर उंबर असायचा, म्हणून उंबराचं पाणी. माझ्या लग्नात त्या मिरवणुकीत नाचताना तू एक चप्पल हरवली होतीस आणि एका पायाने मुलुंडला गेली होतीस.

आता पंचाईत अशी की वाटेत म्हणायचं गाणं कुणालाच पूर्ण येत नाही. पहिल्या दोन ओळी सगळ्यांना पाठ, पुढे सगळ्या ला ला ला करतात. ज्यांना येत होतं त्या म्हाताऱ्या गेल्या. एकच उरलीय, माझ्या नवऱ्याची, जॉनीची थोरली बहीण फिलोमिना. ती चार घरं सोडून राहते आणि माझ्याशी बोलत नाही. कारण तुला माहीत आहे, तरी लिहिते, म्हणजे राग ताजा राहील. जॉनी गेला त्या वर्षी मी अंगणातला उंबर तोडला. मुळं स्वयंपाकघराच्या भिंतीत शिरली होती. भिंत पडली असती तर फिलूबाई बांधून देणार होती का? तिने भर रस्त्यात मला ऐकवलं, "भावासोबत त्याचं झाडपण पुरलंस." मी म्हटलं, माझ्या दारात पाय ठेवायचा नाही. तिने ठेवला नाही. मीही तिच्या दारात गेले नाही.

म्हणून तुला साकडं. तू घरी बसून कॉम्प्युटरवर जुन्या पुस्तकांची पानं तपासतेस ना, त्या डिजिटल ग्रंथालयासाठी? त्यात आमच्या लोकांच्या लग्नाची गाणी कुणी छापली असतील तर शोध. एलेनला बाप नाही. हे एक तरी तिला पूर्ण द्यायचंय. ला ला ला करत मुलीला न्हाऊ घालायचं माझ्या जिवावर येतंय.

शिवदासभाऊंना नमस्कार.

तुझी पॅट


मुलुंड (पूर्व)
१७ ऑक्टोबर २०२४

प्रिय पॅट,

एलेनचं अभिनंदन. ती चिमुरडी बोहल्यावर, म्हणजे तुमच्याकडे आल्टरवर, हे मला अजून पटत नाही. मी दीक्षाभूमीला गेले होते, नागपूरहून आल्यावर पत्र मिळालं. बॅगही न उघडता कॉम्प्युटरला बसले. शिवदास म्हणाले, आधी चहा तरी कर. मी म्हटलं, तुम्ही करा.

शोधतेय, पण तिथे काही शोधणं म्हणजे बाजारात हळद आणायला जाऊन बांगड्या भरून परत येणं. तुझं गाणं सोडून मला आत्तापर्यंत काय मिळालं ते ऐक. शंभर वर्षांपूर्वीचं रेल्वेचं वेळापत्रक, त्यात प्रवाशांनी कोंबड्या कुठल्या डब्यात ठेवाव्यात याचे नियम. घोड्याला सर्दी झाली तर काय करावं याची पुस्तिका. बियाणांचा सचित्र कॅटलॉग, त्यातला फ्लॉवर इतका देखणा की मी वॉलपेपर केलाय. एका मासिकात कुणा बाईने संपादकांना विचारलंय की नवरा घरात एक शब्द बोलत नाही, उपाय सुचवा. संपादकांनी सुचवलाय, आपणही बोलू नये. साष्टीचा एक नकाशाही सापडला, त्यात तुझ्या मरोळला नुसती भातशेती आणि ठिपक्या-ठिपक्यांच्या विहिरी.

माझं काम तसं सोपं आहे. पान वाकडं आलंय का, मधलं पान सुटलंय का, स्कॅन करणाऱ्याचा अंगठा फोटोत आलाय का, एवढं बघायचं. पण मी बघता बघता वाचते आणि शिवदास माझ्या मागे उभे राहून वाचतात. गेल्या आठवड्यात त्यांनी एका जुन्या हुन्नराच्या पुस्तकातून दंतमंजन केलं. लवंग, बदामाच्या टरफलांचा कोळसा, आणखी काय काय. सगळं बरोबर घातलं, फक्त कोळसा गाळला नाही. दोन दिवस बँकेत, बाजारात, सगळीकडे तोंड मिटून हिंडत होते. घरात इतकी शांतता पहिल्यांदाच.

गाण्यांची पुस्तकंही बरीच आहेत. ओव्या, पाळणे, मंगलाष्टकं, जात्यावरची गाणी. तुमची मात्र अजून नाहीत. शोध चालू ठेवते.

एक विचारू? रागावू नकोस. शंभर वर्षं मागे जाण्यापेक्षा चार घरं पुढे जाणं सोपं नाही का?

तुझी
संघमित्रा


मरोळ
२५ ऑक्टोबर २०२४

संघू,

तुला पुस्तक शोधायला सांगितलं होतं, समेट करायला नाही.

चार घरं तुला मुलुंडहून चार दिसतात. मधल्या प्रत्येक घराच्या खिडकीत कोण बसलंय ते मला माहीत आहे. मी त्या दिशेने दहा पावलं टाकली तर माझ्याआधी बातमी पोचेल.

बाकी तयारी जोरात आहे. बँडवाला ठरला. विहिरीवर लोखंडी जाळी आहे, ती त्या दिवसापुरती उघडून द्यायची कबुली गावातल्या पोरांनी दिलीय. एलेनने नानीचं लुगडं काढलं आणि आता यूट्यूबवर बघून नेसायला शिकतेय. काल नेसली आणि स्वयंपाकघरापर्यंत येईतो सुटलं. मी हसले तर म्हणाली, "आत्तीला येतं नेसवायला." मी भाजी ढवळत राहिले.

रविवारी चर्चमध्ये मिसाला फिलूबाई दिसली. पुढच्या बाकावर बसून खोकत होती. पहिल्यासारखी ताठ नाही राहिली. मला काय त्याचं.

घोड्याची सर्दी पुरे. गाणं बघ. शिवदासभाऊंना सांग, लग्नाला दात दाखवता येतील असं काहीतरी करा.

पॅट


मुलुंड
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय पॅट,

सापडलं. आधी एक घोट पाणी पी, मग पुढे वाच.

तीन आठवडे मी लग्नात शोधलं, गाण्यांत शोधलं, ख्रिस्ती धर्मात शोधलं, लोकसाहित्यात शोधलं. काल कंटाळून विहिरींची माहिती चाळायला पाटबंधाऱ्यांच्या विभागात शिरले, तर कालव्यांचे अहवाल आणि धरणांचे नकाशे यांच्या मधोमध तुझं गाणं बसलेलं. पुस्तिकेच्या नावात "उंबराचे पाणी" आहे ना. यादी करणाऱ्याने पाणी वाचलं आणि थेट पाटबंधाऱ्यात टाकलं. गेली कित्येक वर्षं कुणी इंजिनिअर ते उघडून बुचकळ्यात पडला असेल.

छोटीशी पुस्तिका आहे. तुमच्याकडच्याच कुणा शाळामास्तरांनी गावागावांतल्या बायकांकडून ऐकून गाणी उतरवली आणि स्वतःच्या खर्चाने छापली. प्रस्तावनेत लिहिलंय, बाया लाजून गात नव्हत्या म्हणून मी दाराआड बसून लिहून घेतलं. मला ते मास्तर फार आवडले.

तुझ्या गाण्याचं पान छापून सोबत पाठवतेय. कडवी सगळी आहेत, फक्त शेवटचं नीट दिसत नाही. स्कॅन करताना पान धरून ठेवणाऱ्याचा अंगठा नेमका त्यावर आलाय. पहिली ओळ अर्धी दिसते, खालच्या तीन पूर्ण झाकल्यात. असे अंगठे मी रोज बघते, आता काही तर ओळखीचे झालेत. हा जरा जाडच आहे.

दुसरी प्रत कुठेच नाही, मी नीट पाहिलं. तेवढ्या ओळी कुणा जाणत्या बाईला विचाराव्या लागतील. कुणाला, ते मी लिहीत नाही. मागच्या वेळी बोलणी खाल्लीत.

तुझी
संघमित्रा


मरोळ
२२ नोव्हेंबर २०२४

प्रिय संघू,

पान मिळालं. गॅसवर डाळ होती, ती करपली.

उभ्याउभ्याच वाचलं. "चला गो बायांनो, उंबराच्या पाण्याला, पितळेची कळशी नवरीच्या न्हाण्याला." तिथवर मला येत होतं. पुढचं वाचताना सासूबाईंचा आवाजच ऐकू आला. वाटेतल्या काट्यांचं कडवं, विहिरीला पान-सुपारी द्यायचं कडवं, विहिणीच्या नाकाची थट्टा. ती थट्टा ट्रेव्हरच्या आईसमोर म्हणायची की नाही यावर एलेनचं आणि माझं वाजलं. तिचं म्हणणं, म्हणायचीच. मी खूप रडले, ते तुला सांगायला हरकत नाही. तुझे उपकार कसे फेडू?

पण तो अंगठा. कोण आहे गं हा माणूस? एवढं मोठं पान, चारी बाजूंना मोकळी जागा, आणि याला नेमकं तिथेच धरायचं होतं? "पहिली कळशी" एवढं दिसतंय आणि पुढे नुसतं नख. मी भिंग लावून पाहिलं. नख नीट कापलेलंही नाही.

राहू दे. शेवटचं कडवं नाही म्हटलं तर काही आभाळ कोसळत नाही. शेवटी बँडवाल्याला जोरात वाजवायला सांगेन, कुणाला कळणारही नाही. फिलूबाईकडे मी जाणार नाही. विषय संपला.

पॅट


मुलुंड
३ जानेवारी २०२५

प्रिय पॅट,

नाताळच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा. मी तुला कार्ड पाठवलं, उत्तर नाही. डिसेंबर अख्खा गेला, तुझी एक ओळ नाही. काल लग्नाची पत्रिका आली. चर्चची वेळ, हॉलचा पत्ता, जेवण, सगळं आहे. आदल्या दिवसाचा उल्लेखच नाही. तेव्हापासून मला चैन नाही. शिवदास म्हणतात, अगं, त्या कार्यक्रमाला छापील आमंत्रण नसतं. पण मला वाटतं तू उंबराचं पाणीच रद्द केलंस, आणि ते माझ्यामुळे.

पॅट, मी खोटं बोलले. दुसरी प्रत आहे. त्याच पुस्तिकेची, दुसऱ्या एका ग्रंथालयाने चढवलेली, पहिलीच्या शेजारीच. पान स्वच्छ, अंगठा नाही, अक्षर न् अक्षर दिसतं. दोन्ही पानं मी छापली आणि हातात घेऊन बसले. शेवटचं कडवं वाचलं आणि तुला मुद्दाम अंगठ्याचं पान पाठवलं.

कडवं असं आहे:

पहिली कळशी कोणी गो उचलावी,
नवरीच्या आत्यानं डोईवर घ्यावी.
आत्या रुसली तर वाजंत्री थांबवावी,
हाताला धरून तिला आधी आणावी.

मला वाटलं, हे छापील वाचलंस तर तू भडकशील. म्हणशील, आता शंभर वर्षांपूर्वीचा मास्तरही मला शिकवायला आला, मग नकोच ते पाणी. त्यापेक्षा तीन ओळी कमी असल्या तर तू त्या विचारायला कधीतरी तिच्या दाराशी जाशील, आणि कडवं तुला तिच्याच तोंडून कळेल. इतकी वर्षं तुला ओळखते म्हणून शहाणपणा केला आणि वाट लावली. तू गेली नाहीस, आणि आता लेकीचा एवढा हौसेचा कार्यक्रमही गेला.

स्वच्छ पान सोबत आहे. राग आला असेल तर येऊ दे, पण एलेनला हे पूर्ण गाणं दे. तिचा काही दोष नाही.

तुझी
संघमित्रा

ता. क. शिवदास आहेरासाठी काहीतरी कुटत बसलेत. मी विचारलेलं नाही.


मरोळ
९ जानेवारी २०२५

प्रिय संघू,

तू खोटं बोलतेस तेव्हा पत्ता देऊन बोलतेस. "पाटबंधाऱ्यांच्या विभागात" असं तूच लिहिलं होतंस ना? तुझं पत्र एलेननेही वाचलं होतं. २२ नोव्हेंबरला मी तुझ्या पत्राचं उत्तर पोस्टात टाकून घरी आले तर ही मोबाइल घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलेली. म्हणाली, "ममा, इथे दोन आहेत. संघूमावशीने दुसरं बघितलं नाही वाटतं." मी म्हटलं, संघूमावशीच्या नजरेतून चुकीचं टाइम-टेबलही सुटत नाही. तेव्हाच कळलं मला.

कडवं वाचलं. तू म्हणतेस तशी भडकलेही. दोन दिवस भांडी आपटली. तुझ्यावर, मास्तरांवर, त्यांना ते गाऊन दाखवणाऱ्या त्या लाजऱ्या बायांवर, सगळ्यांवर चिडले. लिहायला बसले तर वाकडंच लिहिलं असतं, म्हणून लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी एलेन नानीचं लुगडं नेसून आली, पुन्हा सैल. नुसती ओचा धरून उभी राहिली. तिला आत्या हवी होती आणि ती मला मागत नव्हती. एवढं मोठं पोर माझ्या रागाला सांभाळून घेत होतं. मला माझीच लाज वाटली गं.

तरी नाताळ उजाडेपर्यंत धीर झाला नाही. आमच्याकडे गोडाचं ताट घरोघरी जातं, ते तुला माहीत आहे. दरवर्षी फिलूबाईचं ताट एलेन नेते आणि तिच्याकडचं एलेनच आणते, म्हणजे आमच्या करंज्या एकमेकींशी बोलतात, आम्ही नाही. यंदा ताट मी उचललं. वर क्रोशाचा रुमाल घातला आणि रुमालाखाली तुझं पान ठेवलं. अंगठ्याचं.

स्वच्छ पान घरात होतं, तरी ते नेलं नाही. ते नेलं असतं तर भांडण जिंकायला गेल्यासारखं झालं असतं. बघ, पुस्तकात छापलंय, आता तुला यावंच लागेल. अंगठ्याचं पान नेलं की विचारायला जाता येतं.

खिडक्यांत सगळ्या हजर होत्या. फिलूबाईने दार उघडलं, ताट बघितलं, मला बघितलं. म्हणाली, "एलेनला बरं नाय काय?" मी म्हटलं, बरी आहे, मीच आले. "बस गो," म्हणाली. बसले. मग पान काढून दिलं आणि सांगितलं, यातलं शेवटचं मला येत नाही.

तिने चष्मा लावला, वाचायला लागली आणि खोकत खोकत गायलाच लागली. विहिणीच्या नाकाशी आली तेव्हा दोघीही हसलो. अंगठ्यापाशी आली आणि न थांबता पुढे गेली. पहिली कळशी आत्यानं घ्यावी, आत्या रुसली तर वाजंत्री थांबवावी. तिथे तिने चष्मा काढून पदराला पुसला. मी म्हटलं, फिलूबाई, बँडवाल्याला पैसे दिलेत, त्याला थांबवायला लावू नका, तुम्ही चला. झाडाचं वाईट वाटतं मला, रोज वाटतं, पण भिंत खरंच पडली असती.

ती म्हणाली, "भिंत मला दिसत होती गो. जॉनी दिसत नव्हता, म्हणून झाडावर रागावले." इतकी वर्षं हे एक वाक्य चार घरांवर पडून होतं.

मग मला मागच्या अंगणात घेऊन गेली. आमच्या उंबराची फळं खाऊन पाखरांनी तिच्या न्हाणीच्या भिंतीत बिया पेरून ठेवल्यात. फटीफटींतून रोपं. "उपटून उपटून कटाळले," म्हणाली. एक मात्र तिने काढून डब्यात लावलंय, माझ्या कमरेएवढं झालंय. ते १८ तारखेला विहिरीच्या काठावर ठेवायचं ठरलं. उंबराच्या पाण्याला उंबर पाहिजेच, हा तिचा हुकूम.

आणि ऐक. निघताना म्हणाली, तुझ्या पुस्तकात अर्धंच आहे, आपल्या मरोळला पुढे आणखी आहे. "दुसरी कळशी आईनं उचलावी, आत्याच्या मागोमाग पाऊलवाट धरावी." हे सासूबाईंच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटतं, तिने ते तिथेच दारात उभ्याउभ्या रचलं. मी विचारलं नाही. तू तुझ्या ग्रंथालयाला कळव वाटल्यास, पाटबंधाऱ्यात लिहून घेतील.

तेव्हापासून रोज तालीम चालू आहे, लुगड्याची आणि गाण्याची. म्हणून पत्र राहिलं, राग म्हणून नाही. शिवदासभाऊ बरोबर म्हणाले, आदल्या दिवसाला छापील आमंत्रण नसतं, तोंडी असतं. हे तोंडीच समज. १८ तारखेला ऊन उतरायच्या आत ये, चप्पल बांधून ये. शिवदासभाऊंनी कुटलेलं आणलंस तर चालेल, आधी गाळून घे.

तुझं पान फिलूबाईने परत दिलं नाही. देवाच्या तसबिरीपाशी उभं करून ठेवलंय. त्या दिवशी तिने बराच वेळ निरखून विचारलं होतं, "हा अंगठा कुणाचा गो?"

मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीचा.

तुझी पॅट